रेंज गेली नव्हती, तार वाकली होती

सकाळचे साडेसहा. कॉलेजचं मैदान. क्रिकेटवाले अजून यायचेत. चार-पाच जणांचा घोळका, एकाच्या हातात रिमोट, एकाच्या हातात अख्खी सेमिस्टर खपून बनवलेलं विमान. एक, दोन, तीन... फेकलं. छान चढलं. एक वळण झालं, दुसरं झालं. मग नाक खाली गेलं, वेग वाढला, रिमोटवाल्याने स्टिक पोटाकडे ओढली, आणखी ओढली, आणि काहीच झालं नाही. विमान निघालं होतं त्याच दिशेने जमिनीत घुसलं.

पुढचा संवाद तुम्हाला पाठ असेल. ‘रेंज गेली राव!’ ‘सर्व्हो डुप्लिकेट निघाला.’ ‘बॅटरीनेच दगा दिला.’

हे सगळं मी छातीठोकपणे लिहितोय, कारण त्या घोळक्यात रिमोट माझ्याच हातात होता. आमच्या वेळी रील नव्हती, एवढाच काय तो फरक. आम्हीही रेंजला शिव्या घातल्या. मग एका सिनियरने तुकडे गोळा करताना शेपटीकडे जाणारी तार उचलून दाखवली. एक मिलिमीटर जाडीची, दोन फूट लांब तार, धनुष्यासारखी वाकलेली. सर्व्हो तर अजून कुरकुरत होता. त्याने त्याचं काम केलं होतं. रिसिव्हरनेही केलं होतं. ‘वर ये’ हा निरोप रिमोटमधून निघाला, विमानात पोचला आणि शेवटच्या दोन फुटांत हरवला.

आजचा विषय ती दोन फूट तार. पुशरॉड.

आता म्हणाल, तारेवर काय संपादकीय लिहायचं? लिहायचं, कारण नांदेडमध्ये काय किंवा लातूरमध्ये काय, स्वतःच्या हाताने विमान बनवणारी पोरं-पोरी आता बऱ्यापैकी दिसतात. कुणी एनसीसीच्या एअर विंगमुळे यात पडतं, कुणी एसएईइंडियाच्या एरो डिझाइन चॅलेंजसाठी टीम बांधतं, कुणी नुसतंच व्हिडिओ बघून थर्माकोल कापायला घेतं. आणि सगळ्यांचा पैसा, वेळ, भांडणं एकाच ठिकाणी जातात: मोटर कुठली, रिमोट कुठला, बॅटरी किती एमएएचची. जोडणीचं काम राहतं आदल्या रात्री दोन वाजता. ‘टाक रे कुठली तरी तार, चिकटव फेविक्विकने.’

विमानाच्या पोटात सर्व्हो बसतो. शेपटीला एलेव्हेटर असतो, बिजागरीवर वर-खाली होणारी पट्टी. त्या पट्टीवर एक छोटं शिंग उभं करतात, त्याला हॉर्न म्हणतात. सर्व्होचा हात आणि हे शिंग यांना जोडणारी दांडी म्हणजे पुशरॉड. हे कळायला आजोबांची काळी सायकल आठवा. तिला वायरचा ब्रेक नव्हता, सळ्यांचा होता. हँडलखालची मूठ दाबली की सळई ओढली जायची, मध्ये एक कोपऱ्यासारखा तुकडा फिरायचा, त्याने पुढची सळई ओढायची आणि रबर रिमला टेकायचं. त्या कोपऱ्याला विमानवाले बेलक्रँक म्हणतात. एनसीसीत दोन तारांना बांधून गोल गोल उडवायचं जे कंट्रोल लाइन मॉडेल असतं, त्याच्या पोटात हाच बेलक्रँक आणि त्यातून शेपटीकडे हाच पुशरॉड. आणि सायकल जुनी झाल्यावर मूठ अर्धी दाबेपर्यंत काहीच व्हायचं नाही, आठवतं? मेकॅनिक म्हणायचा, ‘पिना झिजल्यात, प्ले आलाय.’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आधी त्या वाकलेल्या तारेचा हिशेब करू. इंजिनिअरिंगवाल्यांनी ऑयलरचं सूत्र दुसऱ्या वर्षाला घोकलेलं असतं: लांब, बारीक दांडी टोकांकडून दाबली तर किती भाराला ती बाजूला वाकेल. परीक्षेत खांबाचं गणित येतं, आपण सोडवतो, मार्क पडतात, विषय संपतो. लातूर पॅटर्नच्या गावात पाठांतराला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण तेच सूत्र एकदा या तारेला लावून बघा. १ मिमी जाडीची पोलादी तार, ६० सेंमी लांब, मध्ये कुठेही आधार नाही. उत्तर येतं सुमारे २७ ग्रॅम.

सत्तावीस ग्रॅम! पाच-सहा नाण्यांचं वजन. आणि तिकडे तो नऊ ग्रॅमचा निळा एसजी-९० सर्व्हो, जो सगळ्यांच्या विमानात असतो, त्याची ताकद ४.८ व्होल्टला सुमारे १.८ किलो-सेंटिमीटर. त्याच्या हातावर मध्यापासून ८ मिमीवरच्या भोकात तार अडकवली तर तो सव्वादोन किलोने ढकलू शकतो. म्हणजे ढकलणारा पैलवान, आणि हातात दिलीय शेवई.

ही तार मैदानावर उभं असताना आपल्याला फसवते. हवेचा जोर नसतो, एलेव्हेटर मस्त वर-खाली होतो, सगळे टाळ्या वाजवतात. वेग वाढला की एलेव्हेटरवर हवा दाब देते आणि नेमकं तेव्हा, नाक खाली असताना, तार बाजूला वाकून मोकळी होते. म्हणून तपासायची पद्धत सोपी आहे. एकाने स्टिक हलवायची, दुसऱ्याने एलेव्हेटर दोन बोटांत हलकेच धरून ठेवायचा. तार धनुष्य होते का बघा. झाली, तर आज उडवायचं नाही. घरी जायचं.

उपाय महाग नाहीत. त्याच सूत्रात लांबीचा वर्ग खाली आहे, म्हणजे आधारातलं अंतर निम्मं केलं की ताकद चौपट. त्याच १ मिमी तारेला दर १० सेंमीवर एकेक आधार द्या, ती जवळपास एक किलो पेलते. आधार कसला? संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे. आतून धुऊन, सेंटिमीटरभर कापून, विमानाच्या आतल्या आडव्या फळ्यांना चिकटवा आणि तार त्यातून सरळ जाऊ द्या. सरळ म्हणजे सरळ. नळी एका जागी जरी तिरकी बसली तरी तार घासते, सर्व्हो मधोमध परत येत नाही आणि विमान हवेत झिंगल्यासारखं चालतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो: बांबू. पाच मिमी जाडीची सरळ रेषांची काडी, दोन फूट लांब, मध्ये कुठलाही आधार न देता साधारण किलोभर दाब सोसते आणि वजन आठेक ग्रॅम. जाडी दुप्पट झाली की ताकद सोळापट होते, ही त्या सूत्राची दुसरी गंमत. काडीच्या दोन्ही टोकांना तारेचे छोटे तुकडे लावायचे. इथे एक बारकावा आहे, तो चुकवू नका. तार नुसती काडीला चिकटवली तर एक दिवस निसटणारच. काडीला आरपार बारीक भोक पाडा, तारेचं टोक काटकोनात वाकवून त्या भोकात घुसवा, उरलेली तार काडीवरच्या खाचेत झोपवा, वरून शिवणकामाचा दोरा घट्ट गुंडाळा आणि मगच फेविक्विकचे थेंब सोडा. मग ती ओढून निघत नाही, काडी तुटेल पण गाठ सुटणार नाही. पतंगाची कन्नी बांधणाऱ्या हातांना हे शिकवायला नको.

सायकलचे स्पोकही चालतात. गंजगोलाईत फिरा किंवा वजिराबादेत, सायकल दुरुस्तीवाल्याकडे विचारा. स्पोक साधारण २ मिमीचा असतो, म्हणजे १ मिमी तारेच्या सोळापट ताठ. आणि एका टोकाला आटे तयार मिळतात. त्यावर बसेल असा क्लेव्हिस मिळाला तर फिरवून दांडीची लांबी केसाएवढी कमी-जास्त करता येते. फक्त शेपटीकडे वजन वाढतं, तेव्हा लांब विमानात तो वापरू नका, पंखातल्या एलेरॉनच्या छोट्या जोडणीला ठेवा. राइट बंधू डेटनमध्ये सायकलचंच दुकान चालवायचे. १९०३ च्या त्यांच्या विमानात पंख पिळायच्या तारा कमरेखालच्या पाळण्याला जोडलेल्या होत्या. चालक कंबर हलवायचा आणि पंख वळायचे. पंख्यांना फिरवायला चेन होती. तेव्हा सायकलवाल्याकडून विमानाचं सामान आणण्यात कमीपणा अजिबात नाही.

आता ‘प्ले’कडे येतो, कारण वाकलेल्या तारेनंतर सगळ्यात जास्त विमानं इथे जातात. हॉर्नच्या भोकात तार ढिली असेल तर एलेव्हेटर आपल्या मर्जीने थोडा हलतो. किती? अर्धा मिमीचा ढिलेपणा धरा. तार बिजागरीपासून ८ मिमी उंचीच्या भोकात असेल तर एलेव्हेटर साडेतीन अंश मोकळा. १६ मिमीच्या भोकात नेली तर पावणेदोन अंश. ढिलेपणा तोच, परिणाम निम्मा.

म्हणून नियम असा: सर्व्होकडे आतलं भोक, हॉर्नकडे बाहेरचं. नवशिके हमखास उलटं करतात. सर्व्होचा हात जितका लांब तितकी पट्टी जास्त हलते, बघायला भारी वाटतं. मग हवेत विमान उड्या मारायला लागलं की रिमोटमध्ये जाऊन हालचाल ४० टक्क्यांवर आणतात. म्हणजे सर्व्होची साठ टक्के हालचाल फुकट, ताकद कमी, प्ले दुप्पट. दार बिजागरीजवळ ढकलून बघा कधी, आणि कडीजवळ ढकलून बघा. हॉर्नचं आतलं भोक म्हणजे बिजागरीजवळ ढकलणं. सर्व्होकडे ८ मिमी आणि हॉर्नकडे १६ मिमी ठेवलं, तर सर्व्हो ४५ अंश फिरल्यावर एलेव्हेटर साधारण २० अंश हलतो. शिकाऊ विमानाला ते भरपूर झालं, आणि सर्व्होचा जोर दुप्पट होऊन पोचतो.

भोक पाडताना तापवलेली सुई वापरू नका. प्लास्टिक वितळतं, भोक वाकडं आणि मोठं होतं, आणि प्ले विमान उडायच्या आधीच जन्माला येतो. तारेच्याच मापाचं ड्रिल बिट बोटांत धरून हळूहळू फिरवा. हॉर्नसाठी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचे दोन थर चिकटवले तरी लहान विमानाला चालतात. सर्किट बोर्डाचा तुकडा त्याहून चांगला.

शिंगाची जागाही महत्त्वाची. भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर हवं. ते मागे सरकलं की एलेव्हेटर वर जातो त्यापेक्षा खाली कमी किंवा जास्त जातो, आणि तुम्ही रिमोटमध्ये आकडे बदलत बसता. तसंच स्टिक मध्यावर असताना सर्व्होचा हात दांडीशी काटकोनात हवा. इथे वैताग येतो, कारण सर्व्होच्या दात्यांवर हात एकदम १७-१८ अंशांनी सरकतो, मधलं काही मिळत नाही. दुहेरी हात असेल तर तो उलटा करून बसवा, कधी कधी अर्ध्या दात्याचा फरक पडतो आणि नेमका काटकोन सापडतो. उरलेला अंशभर रिमोटच्या सबट्रिमने काढा. वीस अंश सबट्रिमने काढणं म्हणजे शर्टाचं चुकलेलं बटण टाय लावून झाकणं.

आणि एक. हॉर्न एलेव्हेटरच्या वरच्या बाजूला लावा. मग सर्व्होने दांडी पुढे ओढली की विमान नाक वर उचलतं. दांडी ओढताना वाकत नाही, ढकलतानाच वाकते. जीव वाचवणारी हालचाल ओढीवर ठेवायची. माझ्या विमानात ती ढकलीवर होती.

आपल्याकडच्या उन्हाचंही जरा बोलू. बाजारात नायलॉनच्या नळीत नायलॉनची दांडी असे तयार पुशरॉड मिळतात, वापरायला सोपे. पण नायलॉन तापला की लांबतो. ६० सेंमीची दांडी वीस अंश तापमान वाढलं की जवळपास १ मिमी लांब होते. पोलाद तेवढ्यात मिमीचा सातवा हिस्सा वाढतं. १६ मिमीच्या हॉर्नवर १ मिमी म्हणजे साडेतीन अंश. एप्रिलमध्ये सकाळी सहाला सरळ उडणारं लाकडी सांगाड्याचं विमान अकरा वाजता नाक खाली घालतं ते यामुळे. थर्माकोलच्या विमानात कार्बनची दांडी घातली तर उलटी गंमत: थर्माकोल तापून थोडा वाढतो, दांडी वाढत नाही. तेव्हा ‘सकाळी सेट केलं होतं’ याला अर्थ नाही. प्रत्येक उड्डाणाआधी एलेव्हेटर शेपटीच्या रेषेत आहे का, हे डोळा लावून बघायचं.

ढिली जोडणी आणि लवचीक दांडी एकत्र आल्या की वेगात पट्टी फडफडायला लागते. मधमाशीसारखा आवाज येतो. तो ऐकला की थ्रॉटल लगेच कमी. पंख तुटायला एखाद-दोन सेकंद पुरतात.

हे सगळं खेळण्यांपुरतं आहे असं वाटत असेल तर एक खरी घटना सांगतो. १६ फेब्रुवारी २०००. अमेरिकेत सॅक्रामेंटोजवळच्या मॅदर विमानतळावरून एमरी वर्ल्डवाइडचं डीसी-८ मालवाहू विमान डेटनला निघालं, त्याच राइट बंधूंच्या गावी. चाकं जमीन सोडतात न सोडतात तोच नाक वर जायला लागलं. वैमानिकांनी ते खाली दाबायचा आटोकाट प्रयत्न केला, परत फिरायचाही केला. विमान जुन्या गाड्यांच्या भंगार यार्डात कोसळलं. आतले तिघंही गेले. चौकशीत निघालं काय? उजव्या एलेव्हेटरच्या पट्टीला जोडणारा पुशरॉड सुटला होता. तो धरणारा बोल्ट नीट अडकवलेला नव्हता, आणि तपासणीत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चार जेट इंजिनांचं विमान, आणि प्रश्न बैलगाडीच्या आसाला लावतात तसल्या खिळीएवढ्या वस्तूचा.

म्हणून तुमच्या क्लेव्हिसवर सिलिकॉनच्या नळीचा इवलासा कडा चढवा. तो निघू नये म्हणून. झेडसारखी वाकवलेली तार असेल तर कडा नको, ती आपोआप निसटत नाही. काटकोनात वाकवलेली असेल तर टोकाला अडकण हवीच.

मोठ्या विमानाची गोष्ट काढली तर कॅप्टन अमोल यादव आठवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी ते पाहिलं. बातम्यांत गच्ची गाजली. पण गच्चीवर नेमकं काय चाललं असेल याचा विचार करा: वर्षानुवर्षं एकेक दांडी, एकेक पिन, एकेक बिजागरी जुळवणं. त्यावर रील होत नाही.

आणि इथेच कॉलेजांशी थोडं भांडायचंय. टेकफेस्टमधल्या एरोमॉडेलिंग स्पर्धा मी पाहिल्यात. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी ऑनलाइन मागवलेलं तयार विमान, वर स्टिकर चिकटवून, ‘स्वतः बनवलेलं’ म्हणून ट्रॉफी घेऊन गेलं. दुसरीकडे पॉलिटेक्निकच्या पोरांनी बांबू-थर्माकोलचं बनवलेलं, जोडणी बघत राहावी असं, पण वाऱ्याने पहिल्याच फेरीत बाद झालं. परीक्षकांनी पोट उघडून बघितलंच नाही. विष्णुपुरीपासून लातूरच्या पॉलिटेक्निकपर्यंत आपल्या भागात तंत्रशिक्षणाच्या चांगल्या संस्था आहेत. तिथल्या सर-मॅडमना विनंती आहे: उड्डाणाला मार्क द्याच, पण त्याआधी टेबलावर विमान ठेवून जोडणीला वेगळे मार्क द्या. एलेव्हेटर बोटात धरा. प्ले मोजा. ज्याने बनवलंय त्यालाच विचारा की हे भोक का निवडलंस. तयार विमान आणणारा तिथेच गप्प होईल. आणि जोडणी नापास तर विमान उडवू देऊ नका, मग रडारड झाली तरी चालेल.

कारण शेवटी मैदानावर माणसं असतात. दीड किलोचं विमान ताशी ६० किलोमीटरने कुणाला लागणं म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून दीड किलोची वस्तू डोक्यावर पडणं. त्यासाठीच नियमही आहेत. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल विमानंही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, त्यापुढे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे विमानतळ आहेत, तेव्हा मैदान ठरवायच्या आधी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघून घ्या.

मैदानात पोचलात की विमानाच्या मागे उभे राहा, नाक तुमच्यापासून लांब. स्टिक उजवीकडे: उजवा एलेरॉन वर जायला हवा. स्टिक पोटाकडे: एलेव्हेटर वर. मोठ्याने म्हणा, दुसऱ्याला बघू द्या. लाज वाटते, पण उलट्या जोडलेल्या एलेरॉनने जितकी विमानं पहिल्या पाच सेकंदांत संपली असतील तितकी वाऱ्यानेही नसतील.

आणि आम्हाला फोटो पाठवाल तेव्हा उडत्या विमानाचा नको, ते आकाशात सगळ्यांचं सारखंच दिसतं. पोट उघडं ठेवून, सर्व्हो, दांडी, हॉर्न दिसेल असा पाठवा. दोरा कसा गुंडाळलाय ते बघायचंय.